खोल मानसिक आघात सोसलेला रुग्ण आणि होमिओपॅथिक औषधनिवड: गोळीच्या आधीचे आणि नंतरचे काम

खोल आघात सोसलेली व्यक्ती होमिओपॅथिक दवाखान्यात येते तेव्हा तिच्या तोंडी आघात हा शब्द क्वचितच असतो. पित्त उसळते, डोके ठणकते, पाळी अनियमित आहे, रात्री दोनला दचकून जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, अशा तक्रारी ती सांगते. तासभराची केस घेऊन, म्हणजे सविस्तर विचारपूस करून झाल्यावर, बहुधा निघता निघता, दाराच्या कडीला हात लावून ती एखादे वाक्य बोलून जाते आणि आधी लिहिलेली चार पाने आपल्याला पुन्हा वाचावी लागतात. त्या वाक्यानंतर काय करावे, याबद्दल हा लेख आहे. तो बी.एच.एम.एस. होऊन नुकताच दवाखाना सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी लिहिला आहे; पण स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी अशा उपचाराचा विचार करणाऱ्यांनाही आपल्या डॉक्टरांकडून काय अपेक्षा ठेवावी, हे त्यातून कळेल.

एक गोष्ट आधी स्पष्टपणे मांडली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ६१ आजारांवरचे १७६ अभ्यास तपासून २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा यांपैकी एकाही आजारात मिळत नाही. १२ सी पोटन्सीच्या, म्हणजे शंभरपट विरलन बारा वेळा केल्याच्या, पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही गोळीत उरण्याची शक्यता जवळजवळ नसते, हे साधे रसायनशास्त्र आहे. दुसऱ्या बाजूला, आघातानंतरच्या ताणविकारात आघातकेंद्री वर्तन-बोधात्मक उपचार आणि ई.एम.डी.आर. (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणींवर काम करणारी पद्धत) या दोन मानसोपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये केली आहे. म्हणून या लेखात सांगितलेली औषधनिवड ही होमिओपॅथीच्या परंपरेत ती कशी केली जाते याची मांडणी आहे, आणि तिची जागा सिद्ध उपचारांच्या सोबत आहे. त्यांच्याऐवजी ती वापरता येत नाही, आणि हे रुग्णालाही पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे.

मग औषधनिवडीवर लिहायचेच कशाला? कारण लोक आपल्याकडे येतातच. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला कचरणारी बाई गोड गोळ्यांच्या दवाखान्यात निःसंकोच येते आणि तिचे ऐकणारे पहिले माणूस बऱ्याचदा आपणच असतो. अशा रुग्णाला आपल्या हातून जी इजा होऊ शकते ती सहसा गोळीमुळे होत नाही. ती होते केस घेण्याच्या रीतीमुळे, गमावलेल्या वेळेमुळे आणि औषधानंतरच्या बदलांचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे. औषधनिवडीची प्रत्येक पायरी या तीन धोक्यांकडे पाहूनच आखावी लागते.

रेपर्टरी (लक्षणांवरून औषधे शोधण्याचा कोश) उघडण्याआधी

पहिली पायरी म्हणजे रुग्णाला एकटे भेटणे. सोबत नवरा, सासूबाई किंवा आई आलेली असते आणि उत्तरेही तीच मंडळी देतात. "पेशंटशी दहा मिनिटं एकट्यानं बोलायचं आहे, तुम्ही जरा बाहेर बसता का?" हे वाक्य दवाखान्याचा नियम म्हणून प्रत्येकालाच सांगितले, तर कोणाला ते खटकत नाही. डॉक्टर पुरुष आणि रुग्ण स्त्री असेल तर मदतनीस बाईंना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसवावे. या दहा मिनिटांत तीन गोष्टी कळायला हव्यात: त्रास देणारी व्यक्ती आजही त्याच घरात आहे का, जीव द्यावासा वाटतो का, आणि घटना किती दिवसांपूर्वीची आहे.

जीव देण्याबद्दल आडवळणाने विचारू नये. "ताई, कधी जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट, कोणीतरी विचारले याने बहुतेकांना मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी असेल तर कसे आणि केव्हा करायचे हे ठरले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, हे विचारावे. यांपैकी काहीही असेल तर औषधनिवड तिथेच थांबते. रुग्णाला एकटे सोडायचे नाही, रुग्णाच्या संमतीने विश्वासातल्या एका नातेवाइकाला सांगायचे, घरातली कीटकनाशके आणि झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवायला लावायच्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे. जीव तत्काळ धोक्यात असेल तर संमतीसाठी थांबू नये. टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक टेबलावर ठळक लिहून ठेवावा. ती चोवीस तास आणि मोफत आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ गृहीत धरते आणि तिला शिक्षा करू नये असे सांगते. पोलिसांच्या भीतीने गप्प बसलेल्या कुटुंबाला ही माहिती दिली की ते पुष्कळदा उपचाराला तयार होतात.

घटना ताजी असेल आणि ती लैंगिक अत्याचाराची असेल तर घड्याळ महत्त्वाचे ठरते. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करावी लागतात. गर्भधारणा रोखण्याच्या गोळीलाही उशीर चालत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा व्यक्तीवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार केले पाहिजेत, असा कायदा आहे. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. हे रुग्णाला आणि पालकांना आधी सांगावे, मागाहून कळू देऊ नये. घरगुती हिंसाचारात १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या धोक्यात ११२ हे क्रमांक द्यावेत. मारहाण चालू असलेल्या घरात रोज परत जाणाऱ्या बाईची भीती हे औषध शोधण्याचे लक्षण होत नाही. तिची भीती योग्य आहे आणि तिला आधी संरक्षण हवे आहे. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनीही ऑर्गेनन या आपल्या मूळ ग्रंथातल्या सातव्या सूत्राच्या टिपेत रोग टिकवून धरणारे उघड कारण आधी दूर करायला सांगितले आहे.

यानंतर शरीर तपासावे. अपघातानंतर गोंधळलेला, चिडचिडा, विसराळू झालेला रुग्ण पाहून हात आर्निका या औषधाकडे जातो. पण डोक्याला मार लागला असेल तर आधी सीटी स्कॅन. धडधड, घाम आणि हाताचा कंप थायरॉइडमुळेही होतो. आघातानंतर दारू वाढलेली असेल आणि ती अचानक थांबवली असेल तर दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो आणि तो जीवघेणा ठरतो. चालू औषधांची यादी पाहावी. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी सुरू असेल तर ती आपण बंद करायची नाही, कमी करायची नाही आणि "या गोळ्यांनी आमच्या औषधाचा परिणाम होत नाही" असे कधीही म्हणायचे नाही. २०१७ च्या त्याच कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मानसोपचार विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या होमिओपॅथचा समावेश आहे, नुसत्या बी.एच.एम.एस.चा नाही. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे त्यावरून प्रत्येकाला ठरवता येते.

केस घेताना

ऑर्गेननचे ८४ वे सूत्र रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू द्यायला आणि मध्ये न तोडायला सांगते. ८७ वे सूत्र हो किंवा नाही असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळायला सांगते. आघात सोसलेल्या व्यक्तीला या दोन्ही सूत्रांचा मोठा आधार असतो, कारण तिच्या आयुष्यात तिचे वाक्य पूर्ण ऐकून घेतलेच गेलेले नसते. हानेमान यांनी १७९२ मध्ये गेऑर्गेन्थाल येथे क्लोकेनब्रिंग या मनोरुग्ण अधिकाऱ्यावर उपचार केले, तेव्हा पहिले दोन आठवडे औषध न देता त्यांनी त्याचे फक्त निरीक्षण केले. मनोरुग्णाला मारझोड किंवा शारीरिक शिक्षा होऊ द्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता. वेड्यांना साखळदंडांत ठेवण्याचा तो काळ होता. पहिल्याच बैठकीत औषध काढण्याची घाई करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मला ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते.

मात्र त्याच परंपरेतली एक सवय इथे घातक ठरते, आणि ती म्हणजे तपशिलाची भूक. "पुढे काय झालं? तेव्हा नेमकं काय वाटलं? आणखी सांगा, हातांनी दाखवा," अशी खोल उतरत जाणारी विचारपूस मुंबईत विकसित झालेल्या सेन्सेशन पद्धतीमुळे आपल्याकडे खूप रुजली आहे. साध्या दुखण्यात तिने फारसे बिघडत नाही. परंतु बलात्कार, भूकंप, स्फोट किंवा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू यांचा तपशील तयारीविना बाहेर काढला, तर रुग्ण ते आठवत नाही, ते पुन्हा भोगतो. मोठ्या आपत्तीनंतर सरसकट सर्वांकडून एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याचा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने नाकारला आहे. प्रशिक्षित मानसोपचारक आठवणींवर काम करतात तेव्हा आधी अनेक बैठका रुग्णाला स्वतःला सावरायला शिकवण्यात घालवतात. आपल्याजवळ ते प्रशिक्षण नसेल तर तो दरवाजा आपण उघडायचा नाही.

समाधानाची गोष्ट अशी की, औषधनिवडीला त्या तपशिलाची गरजही नसते. रेपर्टरीत घटनेचे वर्णन नसते. घटनेने मनात काय उमटले त्याचे रुब्रिक, म्हणजे लक्षणाचे शीर्षक, असते: भीतीनंतरचे विकार, दुःखानंतरचे, अपमानानंतरचे, गिळलेल्या संतापानंतरचे. एवढे कळायला एक वाक्य पुरते. म्हणून सुरुवातीलाच सांगावे, "काय घडलं ते सविस्तर सांगायची गरज नाही. त्यानंतर तुमच्यात काय बदललं, तेवढंच आपण बोलू. आणि नकोसं वाटलं तर हात वर करा, मी लगेच थांबेन." थांबवण्याचा अधिकार रुग्णाच्या हातात राहणे हीच या भेटीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे, कारण आघाताच्या क्षणी नेमका तोच अधिकार हिरावलेला असतो.

बोलता बोलता रुग्णाची नजर एका जागी खिळली, आवाज सपाट झाला, उत्तरे उशिरा येऊ लागली किंवा हात गार पडले, तर ती मनाने त्या खोलीत उरलेली नाही असे समजावे. अशा वेळी लिहिणे थांबवावे. अंगाला हात न लावता, नेहमीच्या आवाजात नाव घेऊन बोलावे: "तुम्ही आत्ता दवाखान्यात आहात, समोर मी बसलो आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. या खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू मला सांगा." थंड पाण्याचा पेला हातात द्यावा. पूर्ण सावरेपर्यंत भूतकाळाचा एकही प्रश्न विचारू नये, आणि त्या दिवशी केस अपुरी राहिली तर राहू द्यावी. प्रत्येक भेटीची शेवटची दहा मिनिटे आजच्या गोष्टींसाठी ठेवावीत: घरी कसे जाणार, जेवण झाले आहे का, आज रात्री सोबत कोण आहे. उघड्या जखमेनिशी कोणाला रिक्षात बसवू नये.

कोणते लक्षण धरावे, कोणते सोडावे

औषधनिवडीतली सर्वांत मोठी चूक इथे होते. दचकणे, भयस्वप्ने, घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणे, झोप उडणे, सतत सावध राहणे ही आघातविकाराची ओळख पटवणारी लक्षणे आहेत. ज्याला हा विकार आहे त्या जवळजवळ प्रत्येकात ती थोड्याफार फरकाने सापडतील. ऑर्गेननचे १५३ वे सूत्र निवडीसाठी ठळक, विलक्षण, त्या व्यक्तीपुरती असलेली लक्षणे धरायला सांगते. म्हणजेच निदानाची लक्षणे निदानासाठी वापरायची आणि औषधासाठी त्यांच्या पलीकडे पाहायचे. "भयस्वप्ने" हे रुब्रिक घेऊन पन्नास औषधे गोळा करण्यात काहीच हशील नाही. स्वप्नातून उठल्यावर ती व्यक्ती दिवा लावते की दार उघडते, कोणाला बिलगते की जवळ आलेल्याला ढकलते, पाणी मागते की घामाने भिजलेली असूनही पांघरूण ओढून घेते, हे विचारावे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक रुग्ण घेऊ. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली ही बाई ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेरा वर्षांची होती. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते, गाव नुकते निजले होते आणि किल्लारीच्या भूकंपात तिची आई आणि धाकटा भाऊ दगडमातीच्या घराखाली गेले. आज ती पंचेचाळिशी ओलांडलेली, संसारात रमलेली दिसते. पण दरवर्षी अनंत चतुर्दशी जवळ आली की तिची झोप उडते, ढोल ऐकून पोटात गोळा येतो आणि ती दाराजवळच अंथरूण टाकते. ती या घटनेबद्दल बोलत नाही. रडते ती एकटी, चुलीपुढे. नवशिका डॉक्टर एवढे ऐकून "जुने दुःख, अबोल, एकांतात रडणे" अशी रुब्रिक्स घेतो आणि नेट्रम म्युरिएटिकम लिहून मोकळा होतो. आपल्याकडे प्रत्येक अबोल बाईच्या नावावर हे औषध लागते, याचे मला वाईट वाटते.

आणखी थोडे विचारले तर चित्र बदलू शकते. ती मूळची अबोल नव्हती. "झालं गेलं विसर आता" असे वर्षानुवर्षे ऐकून गप्प झाली. शेजारीण हात धरून बसली की तिला रडू फुटते आणि मग छान झोप लागते. अंधार नको असतो, विजा कडाडल्या की जीव घाबरा होतो, थंडगार पाण्याची तहान लागते आणि कोणीतरी जवळ हवे असते. सांत्वनाने बरे वाटणे, सोबतीची ओढ, अंधार आणि वादळाची भीती, थंड पाण्याची इच्छा हे पारंपरिक मॅटेरिया मेडिकात, म्हणजे औषधांची लक्षणे सांगणाऱ्या ग्रंथांत, फॉस्फरस या औषधाचे चित्र आहे. नेट्रम म्युरिएटिकमच्या रुग्णाला सांत्वन सहन होत नाही. इथे निवड ठरली ती तिच्या बरे वाटण्याच्या रीतीवरून, भूकंपावरून ठरली नाही. आणि एक विचार कायम जवळ ठेवावा: जवळ येणाऱ्याला दूर ठेवणे हा स्वभाव असू शकतो, तसाच तो स्वतःला वाचवण्याचा शिकलेला मार्गही असू शकतो. ज्या व्यक्तीला स्पर्शानेच इजा झाली आहे तिच्या "स्पर्श नकोसा वाटतो" या लक्षणाला औषधनिवडीत फारसे वजन नाही.

भ्रमांच्या रुब्रिक्सबाबतही जपावे. पाठलाग होतो आहे असे क्षणभर वाटून भानावर येणारी व्यक्ती आठवणीच्या झटक्यात असते, तिला भ्रम झालेला नसतो. ज्याला खरोखर आवाज ऐकू येतात, खोटे संशय पक्के झाले आहेत, त्याची केस रेपर्टरीत न्यायची नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायची. घरच्यांनी "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून आधी देवऋष्याकडे नेलेले असेल तर रागावू नये. तिथे मारहाण किंवा उपाशी ठेवणे झाले का, ते मात्र विचारावे, कारण महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा आहे.

नेहमी समोर येणारी औषधचित्रे

इथे दिलेली चित्रे परंपरेतली आहेत आणि एकमेकांपासून वेगळी कशी ओळखावीत यासाठीच सांगितली आहेत.

ताज्या भीतीत अ‍ॅकोनाइट आणि ओपियम या दोघांत निवड करावी लागते. अ‍ॅकोनाइटचा रुग्ण तळमळतो, मृत्यू जवळ आला असे म्हणतो, जागेवर बसत नाही. ओपियमचा रुग्ण बधिर असतो, विचारल्यावर "काही नाही, ठीक आहे" म्हणतो आणि भीतीचे दृश्य मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. "मला काही झालेलं नाही, घरी जाऊ द्या" असे म्हणणारा आणि जवळ येऊ न देणारा आर्निकाचा रुग्ण अपघातानंतर दिसतो, आणि नेमका तोच रुग्णालयात जायला नकार देतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. पहिल्या काही दिवसांतली भीती बहुतेक लोकांत आपोआप ओसरते, त्यामुळे या औषधांना श्रेय देताना हात आखडता ठेवावा.

दुःखाच्या औषधांत काळाचा आणि ओलाव्याचा फरक महत्त्वाचा असतो. इग्नेशिया हे अलीकडच्या दुःखाचे: खोल उसासे, घशात गोळा अडकल्याची भावना, क्षणात हसू आणि क्षणात रडू, आणि लक्षणांत विसंगती, जसे की घशातला गोळा गिळताना कमी होणे. नेट्रम म्युरिएटिकम हे जुन्या, मनात जपलेल्या दुःखाचे: सांत्वनाने त्रास वाढणे, उन्हाने डोके दुखणे, मिठाची ओढ. फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये दुःख रडण्याच्या पलीकडे गेलेले असते. माणूस विझल्यासारखा, प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा, कशातच रस नसलेला. कॉस्टिकम दीर्घ काळाच्या दुःखातले असले तरी त्याची खूण वेगळी आहे: दुसऱ्यावरचा अन्याय या व्यक्तीला स्वतःच्या दुःखापेक्षा जास्त पेटवतो.

स्टॅफिसॅग्रिया या औषधावर थोडे थांबले पाहिजे, कारण अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ते सरसकट वापरले जाते. त्याच्या चित्रात अपमान गिळणे, संताप शब्दांत न येणे, रागाने अंग थरथरणे आणि त्यानंतर लघवीची जळजळ किंवा पोटशूळ उठणे, हे सगळे मिळून असते. अत्याचार झाला एवढ्यावरून ते देणे म्हणजे व्यक्ती न पाहता घटनेला औषध देणे होय. कोणी त्याच घटनेनंतर अपराधी वाटून घेते, कोणी भीतीने गोठते, कोणी दुसऱ्या मुलींसाठी लढायला उभी राहते. मूत्रमार्गाच्या जळजळीत लघवीची तपासणी करायचीच. प्रत्येक जळजळ मनातून आलेली नसते.

स्ट्रॅमोनियम हे रात्रीच्या दहशतीचे: अंधारात एकटे राहवत नाही, मूल किंचाळत उठते आणि आईलाही ओळखत नाही, दिवा आणि माणूस दोन्ही हवेत. ऑरमच्या चित्रात स्वतःला नालायक समजणे आणि मरणाची ओढ आहे, आणि म्हणूनच ते औषध डोक्यात येणे ही आपल्यासाठी धोक्याची घंटा समजावी. ऑरम लिहावेसे वाटले की लेखणी खाली ठेवून आधी जीव देण्याबद्दलचे प्रश्न पुन्हा विचारावेत आणि संदर्भपत्र लिहावे.

मात्रा

३० किंवा २०० पोटन्सीचा एक डोस देऊन वाट पाहावी, ही पारंपरिक रीत या रुग्णांत पुरेशी आहे. स्ट्रॅमोनियम म्हणजे धोतऱ्याच्या कुळातली वनस्पती आणि इग्नेशियाच्या बियांत स्ट्रिक्निन असते, म्हणून यांचे मूळ अर्क किंवा अगदी खालच्या पोटन्सी वापरू नयेत, मुलांना तर नाहीच. २२६ व्या सूत्रात हानेमान यांनी मनाच्या ताज्या विकारांत विश्वास, प्रेमळ उपदेश आणि सुज्ञ सल्ला यांचे बळ मान्य केले आहे. तिथेच त्यांनी चतुराईने केलेल्या फसवणुकीलाही परवानगी दिली आहे. पहिला भाग आजही अनुसरावा. दुसरा सोडून द्यावा, कारण फसवणूक सोसूनच हा रुग्ण आपल्याकडे आला आहे.

औषध दिल्यानंतर

पहिला फॉलो-अप एका आठवड्यातच ठेवावा, महिन्याने नको. "कसं वाटतंय?" या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरचे मन राखण्यासाठी चांगलेच मिळते, म्हणून मोजमाप हवे. पी.एच.क्यू.-९ ही नऊ प्रश्नांची उदासीनतेची प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे; तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो आणि तो दर भेटीत पाहावा. आघातविकारासाठी पी.सी.एल.-५ ही वीस प्रश्नांची, शून्य ते ८० गुणांची यादी आहे. साधारण ३१ ते ३३ च्या वर गुण असतील तर विकार असण्याची शक्यता धरून तज्ज्ञाचे मत घ्यावे. हे आकडे केस-पेपरवर तारखेसह लिहिले की आपली स्वतःची दिशाभूलही कमी होते.

दिशाभूल सर्वाधिक होते ती औषधाने होणाऱ्या वाढीच्या कल्पनेने. सुरुवातीला लक्षणे वाढली तर औषध बरोबर लागले, जुनी लक्षणे परतली तर हेरिंग या जुन्या होमिओपॅथच्या नियमाप्रमाणे रोग बाहेर पडतो आहे, असे आपण शिकलेलो असतो. आघाताच्या रुग्णात हे शिक्षण बाजूला ठेवावे. थांबलेली भयस्वप्ने परत आली, रुग्ण जास्त वेळ सुन्न राहू लागला, दारू वाढली, स्वतःला इजा केली किंवा घरच्यांशी बोलणे तोडले, तर तो बिघाड आहे असेच धरायचे, फोन करायचा आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचे. "थोडं वाढेल, मग उतरेल" या वाक्याने गमावलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

चार ते सहा आठवड्यांत मोजमापात ठोस फरक नसेल तर औषध बदलत बसू नये. खरे तर मानसोपचाराचे संदर्भपत्र पहिल्याच भेटीनंतर द्यावे, आणि सहाव्या आठवड्यात रुग्ण तिथे पोहोचला का ते विचारावे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि तिथे केवळ भरतीचे रुग्ण नसतात, बाह्यरुग्ण विभागही चालतो. संदर्भपत्रात घटनेचा तपशील लिहू नये. "गंभीर आघाताचा इतिहास, तपशील रुग्ण स्वतः सांगेल" एवढे पुरे. लक्षणे, प्रश्नावलीचे गुण, चालू औषधे आणि धोक्याबद्दलचे आपले निरीक्षण लिहावे. पत्र बंद पाकिटात द्यावे आणि त्यात काय लिहिले आहे ते रुग्णाला आधी वाचून दाखवावे. पाठवताना "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे" असे न म्हणता, "तिथलं काम वेगळं आहे, मी सोबत आहेच, पुढच्या मंगळवारी या" असे म्हणावे. सोडून दिले जाण्याचा अनुभव या रुग्णांना नवा नसतो.

केस-पेपरच्या पहिल्या पानावर, नाव आणि वयाच्या खाली, घटनेची तारीख आणि तिथी दोन्ही लिहून ठेवाव्यात. लातूरच्या त्या बाईचा त्रास ३० सप्टेंबरला उठत नाही, अनंत चतुर्दशीला उठतो, आणि ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. त्याच्या आठ दिवस आधी तिला फोन करून झोप कशी आहे ते विचारावे, आणि विसर्जनाच्या रात्री शेजारीण तिच्या घरी झोपायला येईल का, एवढे ठरवून घ्यावे.